लेकरू कोणाच्या खोलीत?

भिवापुरात बसून जहाजाच्या केबिन बुक करून देते असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसण्यासारखंच आहे ते. आमच्या गावच्या जुन्या माणसांनी समुद्र पाहिला तो जगन्नाथपुरीला नाहीतर रामेश्वरला, तोही तीर्थयात्रेच्या बसमधून उतरून घोटाभर पाण्यात उभं राहून. एरवी मोठं पाणी म्हणजे गोसेखुर्दच्या धरणाचं. गावाची ओळख मिरचीची. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि हंगामात माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक आधी शिंकतं, मग बोलतं.

दुकान मुळात झेरॉक्सचं. त्याला पासपोर्ट फोटो जोडले गेले, मग रेल्वेचं आरक्षण, मग पासपोर्टचे अर्ज. इथून नागपूरला जाणारी छोटी गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, तरी नागपूरहून पुढच्या गाड्यांची तिकिटं काढायला लोक येतच राहिले. नागपूरच्या एका एजंटाच्या हाताखाली मी सहलीही घेऊ लागले होते. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई–गोवा ‘आंग्रिया’ बोट सुरू झाली, टीव्हीवर तिची चित्रं दिसली, तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, ‘ताई, जहाजाचं तिकीट निघते का जी तुमच्याकडं?’ २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ मुंबईहून सुटायला लागलं. त्याची तिकिटं आयआरसीटीसीच्या साइटवरही मिळत होती. रेल्वेच्या तिकिटासाठी माझ्याकडे येणाऱ्यांना वाटलं, हेही त्यातलंच. तिथून हे काम वाढलं.

चौकशी बहुतेक दिवाळीत होते. पुण्या-बंगळुरात नोकरीला असलेली मुलं घरी आलेली असतात, भाऊबीज झालेली असते, आजूबाजूच्या गावांत मंडईची जत्रा भरत असते, रात्री नाटक. सगळं घर एका छताखाली असतं आणि कोणीतरी म्हणतं, आईबाबांना एकदा जहाजावर न्यायचं. मुंबईची जहाजं पावसाळा संपल्यावर गोव्याकडे जायला लागतात, तोही मुहूर्त जुळतो. मग तीन-चार माणसं दुकानात येतात. एकाच्या कडेवर दीड वर्षाचं लेकरू असतं. पहिली मागणी ठरलेली: ‘सगळ्यांना जवळजवळ द्या.’

जहाजावर ‘जवळ’ म्हणजे काय, हे समजावण्यात माझी निम्मी वर्षं गेली. शेजारशेजारच्या दोन केबिन म्हणजे जवळ, पण त्यांच्यामध्ये भिंत असते; रात्री लेकरू रडलं तर आईने दार उघडून, बोळात येऊन, दुसऱ्या दाराचं कार्ड लावायचं. कनेक्टिंग केबिन निराळी. तिला मधल्या भिंतीतच दार असतं. अशा जोड्या जहाजावर मोजक्या, आणि त्या सर्वांत आधी जातात. समोरासमोरच्या केबिन नकाशावर हातभर अंतरावर दिसतात, प्रत्यक्षातही बोळ ओलांडला की झालं. पण जहाजाच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या केबिन नकाशात कितीही शेजारी दिसोत, मध्ये स्वयंपाकघर, जिने, लिफ्ट काहीही असू शकतं. एका घरच्या भाच्याने मोबाइलवरून चार केबिन स्वस्तात घेतल्या होत्या. स्वस्त का, तर त्या ‘गॅरंटी’ प्रकारच्या. केबिन मिळणार याची हमी, कोणती ते कंपनी ठरवणार. मिळाल्या तीन मजल्यांवर. बाळ आणि बाळाची आई एका टोकाला, बाळाच्या दुधाची पिशवी सांभाळणारी आजी दुसऱ्या टोकाला. जोडप्याने जावं, गॅरंटी खुशाल घ्यावी. कडेवर लेकरू असलेल्या घराने तिच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी मागणी: ‘लेकरू मांडीवर राहीन, त्याले कायले मोजता?’ रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, बर्थ मागितली नाही तर. त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे हमखास. जहाजावर तान्हं मूलही अख्खं माणूस धरतात. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं तेव्हा माणसं जास्त आणि होड्या कमी होत्या. १९१४ मध्ये देशादेशांनी मिळून समुद्रावरच्या सुरक्षिततेचा पहिला करार केला, आणि तेव्हापासून जहाजावरच्या प्रत्येक जिवाला जीवनरक्षक होडीत जागा हवी, हा नियम पक्का होत गेला. होडीत मांडी नसते. चार जणांच्या केबिनमध्ये पाचवं म्हणून सहा महिन्यांचं बाळही घेत नाहीत. कधी तर केबिन चौघांची असते, वरच्या दोन बर्थ भिंतीला मिटवलेल्या दिसतात, तरी संगणक तिसरं माणूस घेत नाही, कारण त्या भागाच्या होडीतल्या जागा भरलेल्या असतात. हे सांगितलं की दुकानात क्षणभर शांतता होते आणि एखादे आबाजी विचारतात, ‘टायटॅनिकचं नाव काहून घेता जी?’

बाळाचं वय प्रवासाच्या दिवशी बहुतेक कंपन्यांना सहा महिने तरी पूर्ण लागतं. लागोपाठ कित्येक दिवस किनारा न दिसणाऱ्या लांबच्या सफरीला वर्ष. आणि बाळाच्या आईला पुन्हा दिवस गेलेले असतील तर चोवीस आठवड्यांची मर्यादा असते. ही गोष्ट सासू-सासऱ्यांपुढे विचारता येत नाही, म्हणून मी झेरॉक्सच्या निमित्ताने सुनेला मशीनपाशी बोलावते. दोनदा मला तिथे अशी बातमी कळली आहे, जी घरात अजून कोणालाच माहीत नव्हती.

केबिनचं माप हा आणखी एक घोळ. कंपनीच्या कागदावर चौरस फूट लिहिलेले असतात. ज्यांची घरं पडवी, माजघर, परसू अशी ऐसपैस, त्यांना एकशेवीस चौरस फूट हा आकडा काही सांगत नाही. ‘एम्प्रेस’ १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलं गेलं, तेव्हाचं त्याचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’. तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी ते बांधलेलं, म्हणजे खोली झोपण्यापुरती. माणसांनी बाहेर फिरावं हा हेतू. सिंगापूरहून निघणाऱ्या नव्या मोठ्या जहाजांवर बाल्कनीची केबिन घेतली तर बाल्कनी धरून दोनशे चौरस फुटांच्या आसपास जागा मिळते. हे सगळं तोंडाने सांगून पाहिलं. शेवटी मी खडू घेऊन दुकानासमोरच्या फरशीवर केबिन काढायला लागले. आठ फूट रुंद, पंधरा फूट लांब. दारातून शिरल्यावर एका हाताला संडास-बाथरूम, दुसऱ्या हाताला कपाट, मग पलंग, मग आरशाचं टेबल. पलंग आणि टेबलामध्ये उरते ती वाट.

एका कुटुंबासमोर असं काढलं तेव्हा आबाजी सरळ बाथरूमच्या चौकोनात जाऊन उभे राहिले, दोन्ही कोपरं बाहेर काढली आणि म्हणाले, ‘इथं आंघोळ करू का फोटो काढू?’ सगळे हसले. मग मी लेकराचा पाळणा काढला. जहाजवाले घडीचा पाळणा देतात, जाळीच्या भिंतींचा, साडेतीन फूट बाय अडीच. तो मागून ठेवावा लागतो, कारण तेही मोजकेच असतात. तो चौकोन पलंगाच्या पायथ्याशी काढला तर कपाटाचं दार उघडेना. खिडकीशी काढला तर आईला रात्री उठून पाळण्याला वळसा घालून बाथरूमला जावं लागे. त्या चौकोनात बाप उभा राहिला, आई पलंगाच्या जागी बसली, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो पोट्टा खडूच्या भिंती पायाने पुसत सगळ्या खोलीतून फिरून आला. पण त्या दिवशी घराने आपणहून ठरवलं की तिघांना एक खोली पुरते, चौथं माणूस त्यात नको. एरवी हे पटवायला मला फोनवर आठवडा लागला असता.

तिथेच, फरशीवर उभं राहून, लोक खरे प्रश्न विचारू लागतात. बाथरूमच्या दाराशी उंबरा असतो, चांगला बोटभर उंच. पाणी बाहेर येऊ नये म्हणून. रात्री दोनदा उठणाऱ्या आबाजींना तो दाखवून ठेवावा लागतो. आतल्या केबिनला खिडकी नसते, दिवा मालवला की स्वतःचा हात दिसत नाही. लेकरांना त्या काळोखात झकास झोप लागते, सकाळ झाली हे कळतच नाही, आईबाप खूश. म्हाताऱ्या माणसाला तोच काळोख धोक्याचा. मी प्रत्येकाला सांगते, बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार बोटभर उघडं राहू द्या, नाहीतर सेलवरचा छोटा दिवा आणा. वायरची एक्स्टेन्शन आणू नका, ती तपासणीत काढून घेतात.

पलंगाचंही एक आहे. केबिनमधले दोन खालचे पलंग जोडून एक करतात किंवा वेगळे ठेवतात, जसं सांगाल तसं. आमच्याकडच्या कित्येक आजी-आबाजींनी वर्षानुवर्षं एका पलंगावर पाठ टेकलेली नसते. आजी स्वयंपाकघराच्या बाजूला नातवंडांसोबत, आबाजी ओसरीत. मुलगा बिचारा ‘आईबाबांसाठी डबल बेड’ असं लिहून मोकळा होतो. मी आता सरळ विचारते, ‘पलंग जोडून पाहिजे का वेगळे?’ आबाजी पंख्याकडे पाहतात. आजी म्हणतात, ‘वेगळे बरे.’ एकदाच एक आजी म्हणाल्या, ‘जोडून राहू द्या, काय होते!’ आणि त्यांच्या सुनेने तोंडाला पदर लावला.

या कामात मला वळण लावलं ते एका आजीने. मुलगा पुण्याला, सून नोकरीवाली, नात वर्षा-सव्वा वर्षाची. मुलाने सगळं डोकं लावून आखलं होतं. दोन कनेक्टिंग केबिन. एकीत तो आणि बायको, दुसरीत आजी-आबाजी आणि पाळणा. मधलं दार म्हणजे सोय. मला आराखडा आवडला होता, आई-बापाला विसावा मिळेल म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी आजी एकट्याच आल्या, सातबाराची झेरॉक्स काढायला. एका पानाला इतका वेळ लागत नाही. त्या बसून राहिल्या. आयुष्यभर हंगामात सातऱ्यावर, म्हणजे मिरची खुडायच्या जागी, मिरचीचे देठ खुडलेली बाई, बोटांची टोकं अजून तांबूस. मग म्हणाल्या, ‘ताई, लेकरू माह्या खोलीत ठेवलं नं तुम्ही?’

‘तुमच्या मुलाने सांगितलं तसं.’

‘पोरीवर माया हाय माही. पण रातभर ते उठन, दुपारी ते झोपन. ते झोपन तवा मी खोलीत बसन. मंग मी कवा पाहू समुद्र? मले बी पाहाचा हाय.’

मुलाला मी त्यांचं नाव न घेता फोन केला. सांगितलं की या वयाचं लेकरू नव्या जागी रात्री आईलाच शोधतं, पाळणा तुमच्या खोलीत असू द्या, दार आहेच मध्ये. आजींच्या केबिनला खिडकी घेतली, त्याच पैशांत थोडे टाकून. पैसे पूर्ण भरायच्या आधी एकाच बुकिंगमधली माणसं या केबिनची त्या केबिनमध्ये हलवता येतात, त्यामुळे अडचण आली नाही. दुपारी एक ते तीन नात आजीकडे, बाकी वेळ आजी मोकळी, असं त्यांच्या घरात ठरलं. परत आल्यावर आजी भेटल्या. चहाला नावं ठेवली, ‘निर्रा गरम पाणी’. खिडकी बेस होती म्हणाल्या.

तेव्हापासून केबिन ठरवण्याआधी मी घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाशी एकटीच बोलते. जहाज कोणतं, मजला कितवा, हे नंतर. आधी तीन गोष्टी: लेकरू रात्री कोणापाशी झोपतं, दुपारी किती वाजता झोपतं, आणि ते झोपलेलं असताना खोलीत कोण बसणार. तिसऱ्या प्रश्नावर घरात बहुतेक वेळा चुळबुळ होते, कारण उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं आणि जिला धरलेलं असतं तिला कोणी विचारलेलं नसतं. मुलं वाईट नसतात. ती आईबापांवर लाखभर रुपये खर्च करायला निघालेली असतात. फक्त त्यांच्या हिशोबात आजी ही प्रवासी कमी आणि सामानापैकी जास्त असते. जहाजावरच्या मुलांच्या खेळघरात तीन वर्षांखालची, लंगोट लागणारी मुलं बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. काही मोठ्या जहाजांवर लहानग्यांसाठी पैसे घेऊन पाळणाघर असतं. ते खिशाला परवडत असेल तर दोन तासांसाठी तरी घ्या, असं मी आता स्पष्ट सांगते. कमिशन मला त्यात मिळत नाही.

व्याही सोबत असले की गणित आणखी वाढतं. लेकराचे दोन्हीकडचे आजी-आजोबा घेऊन जाणारी घरं आता बरीच आहेत. एका मुलाने पैशांच्या ओढाताणीत आपल्या आईबाबांना बाल्कनी आणि सासू-सासऱ्यांना आतली केबिन लावली होती. सून समोर बसून नुसती नकाशावर बोट फिरवत होती, एक शब्द बोलली नाही. असं एखादं बोट पाहिलं की मी बुकिंग पुढे नेत नाही. बाल्कनी काढून टाकली, तिन्ही जोड्यांना एकाच रांगेत खिडकीच्या केबिन दिल्या. हिशोब फारसा हलला नाही. राहिला प्रश्न दाराचा. कनेक्टिंग दार एकाच बाजूला मिळत होतं. ते मुलाच्या आईकडे जाणार की त्याच्या सासूबाईंकडे? मुलगा घाम पुसायला लागला. त्याच्या आईनेच सोडवलं, ‘दार विहीणबाईकडे राहू द्या. मले रातच्याला आयकू येत नाही, लेकरू रडलं तरी मी उठत नसतो.’ त्यांना खरंच कमी ऐकू येत होतं की त्यांनीही तो सातबारावाल्या आजीचाच हिशोब केला होता, हे मी विचारलं नाही.

बाल्कनीवर माझं मत पक्कं आहे आणि त्यावरून माझी गिऱ्हाइकं गेलीही आहेत. लेकरू ज्या खोलीत झोपणार तिला बाल्कनी नको, तीन वर्षांचं होईपर्यंत तरी. कठडा छातीइतका असतो, दाराची कडी उंचावर असते, हे सगळं मान्य. पण बाल्कनीत खुर्च्या असतात आणि दीड वर्षाच्या मुलाला खुर्ची ढकलता येते. २०१९ च्या जुलैमध्ये पोर्तो रिकोच्या सान हुआन बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर दीड वर्षाची एक मुलगी अकराव्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीतून पडून गेली. ती आजोबांच्या हातात होती. ती बाल्कनीही नव्हती, सर्वांच्या वावरातली जागा होती. ही बातमी मी गिऱ्हाइकांना भीती घालायला सांगत नाही. आबाजींना मात्र वेगळी सांगते. नातवाला पाणी दाखवायला कठड्याशी उचलून धरण्याची सगळ्यांत जास्त हौस त्यांनाच असते. ज्या केबिनची काच उघडतच नाही, त्या खिडकीपाशी लेकराला उभं करा, तासभर पाहू द्या. बाल्कनी हवीच असेल तर ती आजी-आबाजींच्या केबिनला घ्या, आणि मधल्या दाराला रात्री कडी लावा.

मजला निवडताना लोकांना वर जायचं असतं. वरचा म्हणजे भारी. लेकरू आणि म्हातारी माणसं असली तर मी खालचा मजला आणि जहाजाचा मधला भाग धरते. तिथे डुलणं सर्वांत कमी लागतं. पुढच्या टोकाला पहाटे नांगराचा खडखडाट होतो. पोहण्याच्या तलावाच्या बरोबर खालची केबिन म्हणजे सकाळी सातपासून डोक्यावर खुर्च्या ओढल्याचा आवाज, दुपारी गाणी. नाटकघराच्या वरची केबिन रात्री अकरापर्यंत झोपू देत नाही. म्हणून नकाशा घेतला की मी आपल्या मजल्याआधी वरचा आणि खालचा मजला पाहते. वर आणि खाली केबिनच असतील तर ती जागा झोपेची. तलावाचं आणखी एक: लंगोट लागणाऱ्या मुलांना बहुतेक जहाजांवर पाण्यात उतरू देत नाहीत. पोहायचे रंगीत कपडे घेऊन ठेवलेल्या आया हे ऐकून हिरमुसतात, पण इथेच हिरमुसलेलं बरं.

आंघोळीचं मात्र कोणीच आधी विचारत नाही. जहाजावर बादली-मग नसतो. फवारा असतो, तोही हाताएवढ्या चौकोनात, आणि आमचं लेकरू आयुष्यात पहिल्यांदा फवाऱ्याखाली उभं राहिलं की अख्ख्या मजल्याला कळतं. तेल लावून, पायांवर आडवं घेऊन, कोमट पाण्याने न्हाऊ घालायची सवय असलेल्या आजीला त्या चौकोनात बसताही येत नाही. एका घराने आठवडी बाजारातून प्लॅस्टिकची छोटी बादली नेली, तिच्यात खेळणी भरून. तपासणीत कोणी हरकत घेतली नाही, आणि म्हणे शेजारच्या केबिनमधलं गुजराती कुटुंब रोज सकाळी ती मागायला यायचं. आता मी सामानाच्या यादीत बादली लिहूनच देते. किटली आणि छोटी शेगडी काढून घेतात, उदबत्ती-निरांजनही, आगीची भीती. खिचडी तिथे मिळते, पण तिखट. लेकरासाठी मऊ भात आणि वरण वेगळं हवं असेल तर पहिल्याच संध्याकाळी जेवणघरातल्या माणसाला सांगून ठेवायचं, रोज आयत्या वेळी नाही.

एकट्या माणसाची केबिन हा या धंद्यातला मला सर्वांत न आवडणारा भाग. भाडं दोघांच्या हिशोबाने लावलेलं असतं. एकटा माणूस गेला तर बऱ्याचदा दोघांचे पैसे भरावे लागतात. आणि आमच्या प्रत्येक घरात एक तरी विधवा आत्या किंवा मोठी आई असते. जिने सगळ्यांची लेकरं वाढवली, तिच्यासाठी म्हणून कोणी दुप्पट भाडं काढत नाही. मग तिला तिसरी म्हणून कुठेतरी घुसवायचं, आणि तिसरी जागा म्हणजे वरची बर्थ. शिडी चढून. बासष्ट वर्षांच्या बाईला शिडी दाखवणाऱ्या पुतण्याला मी एकदा म्हटलं, ‘तू आधी चढून दाखव.’ उपाय बहुतेक वेळा एखादी वयात आलेली नात असते. तिला आईबापांच्या खोलीत झोपायचं नसतं, आत्याला एकटीने राहायची परवानगी नसते. दोघींना एक केबिन, पलंग वेगळे. अशा जोडीच्या केबिनमधून मला कधी तक्रार आलेली नाही. उलट रात्री दोनला आत्या आणि नात वरच्या मजल्यावर आइस्क्रीम खाताना सापडल्या, असं एका आईने वैतागून सांगितलं होतं.

लक्षद्वीपचं मात्र मी म्हाताऱ्यांसाठी आणि तान्ह्यांसाठी दहादा विचारायला लावते. जहाज बहुतेक वेळा धक्क्याला लागत नाही. लाटांवर हलणाऱ्या छोट्या होडीत उतरून बेटावर जायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाने पायरी चुकवली तर सहल तिथेच संपते. मुंबई–गोवा त्या मानाने सोपं: नागपूरहून रात्रीची गाडी, सकाळी सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर हाकेवर. पण गाडी उशिरा आली तर जहाज थांबत नाही, म्हणून एक दिवस आधी पोचा, हे मी पावतीवर लाल पेनाने लिहिते.

या दिवाळीत एक कुटुंब सिंगापूरहून जायचं म्हणून आलं आहे. दोन भाऊ, दोघांचं एक-एक लेकरू, एक चौदा महिन्यांचं आणि एक दोन वर्षांचं. छोट्याचा पासपोर्ट नुकताच हातात आला, पाच वर्षांचा. जहाज मलेशियाला लागून परत सिंगापूरला येणार, म्हणून सगळ्यांना एकापेक्षा जास्त वेळा शिरता येईल असा व्हिसा काढायचा आहे. त्याचे फोटो मीच काढले, छोट्याला पांढऱ्या चादरीवर निजवून. दोन्ही भावांना आई-बाबांच्या केबिनला जोडलेली केबिन पाहिजे. दोघांचीही कारणं सारखीच, रात्री लेकरू उठतं. मी आजी-आबाजींशी वेगळी बोलले. त्यांनी सांगितलेलं मी मुलांना तसंच्या तसं सांगितलं: त्यांना दोघांपैकी कोणाच्याच शेजारी नको. वेगळ्या मजल्यावर पाहिजे, बाल्कनीवाली. लेकरांना दुपारी भेटायला ते खाली येतील.

थोरला दुकानात खुर्चीवर बसूनच राहिला. धाकट्याची बायको हसत सुटली आणि बाहेर गेली. ‘बाबा असं म्हणाले?’ त्याने दोनदा विचारलं. मुलांच्या दोन केबिन मी शुक्रवारपर्यंत धरून ठेवल्या आहेत, त्यांचं अजून ठरत नाहीये. आबाजींनी मात्र गेल्या वर्षीच्या मिरचीचे पैसे काढून आपल्या केबिनचे काल भरून टाकले.